मिऱ्यांच्या वखारीत चित्रकार

कोची माणसांनी वसवण्याआधी पुरानं घडवलं. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, नदीनं वाट बदलली, रोमन काळापासून नाव असलेल्या मुझिरिसच्या खाडीत गाळ भरला आणि तिथून दक्षिणेला समुद्रानं नवं तोंड उघडलं, असं इतिहासकार मानतात. बंदर हललं तसे व्यापारीही हलले. अरब आले, ज्यू आले, चिनी जहाजं आली. १५०० साली पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये त्यांना हुसकून डच आले, १७९५ मध्ये डचांना हुसकून इंग्रज. झेंडे बदलले, पण येणाऱ्या प्रत्येकाची नजर एकाच गोष्टीवर होती. मिरे!

या मिऱ्यांसाठी फोर्ट कोचीपासून मट्टनचेरीपर्यंत पाण्याच्या काठानं वखारींची रांगच उभी राहिली. एक दार रस्त्यावर, एक पाण्यावर. मागून होडीतून माल आत, पुढून हातगाडीवरून बाहेर. हे गणित शेकडो वर्षं बसलेलं होतं. ते बिघडायला लागलं विसाव्या शतकात. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनियर १९२० साली इथं आला. बंदराच्या तोंडाशी आडवा पडलेला वाळूचा दांडा त्यानं खोदून काढला. १९२८ मध्ये पहिली मोठी आगबोट आत शिरली आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट तयार झालं. मोठ्या बोटींचं बंदर तिकडे गेलं. २०११ पासून कंटेनर वल्लारपाडमच्या टर्मिनलवर उतरायला लागले. बाजार रोडवरच्या वखारींच्या मागच्या दारांशी होड्या लागेनाशा झाल्या. वखारी एकेक करून रिकाम्या पडल्या. कौलं गळायला लागली, भिंतींवर शेवाळ चढलं.

या पडक्या वखारी डोळ्यांत भरल्या त्या दोन मुंबईकरांच्या. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघे जन्मानं मल्याळी, पण चित्रकार म्हणून घडले ते आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. या दोघांनी पुढाकार घेऊन २०१० मध्ये कोची बिनाले फाउंडेशन उभं केलं, आणि १२ डिसेंबर २०१२ रोजी, म्हणजे १२-१२-१२ अशी लक्षात राहणारी तारीख साधून, भारतातलं पहिलं कलाबिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, सुरू झालं. नाव ठेवलं कोची-मुझिरिस. पुरात गेलेलं बंदर आणि पुरानं दिलेलं बंदर असं जोडनाव. पहिल्याच खेपेला सुमारे चार लाख माणसं येऊन गेली. त्यानंतरही मुंबईशी धागा टिकला. २०१४ चं बिनाले जितीश कल्लाटनं मांडलं, २०१६ चं सुदर्शन शेट्टीनं. दोघेही मुंबईचे, दोघेही जे. जे. चे.

बिनालेबद्दल मराठीत बरंच लिहून आलंय. मला कुतूहल होतं ते बिनाले नसतानाच्या कोचीचं. प्रदर्शनाचे मांडव उतरल्यावर, पर्यटक ओसरल्यावर, त्याच वखारींत काही कलावंत येऊन राहतात. याला तिकडे रेसिडेन्सी म्हणतात. राहायला खोली, कामाला स्टुडिओ, थोडाफार खर्च आणि काही आठवड्यांचा मोकळा वेळ. त्या बदल्यात एकच अपेक्षा असते: गावात राहून काहीतरी करा आणि शेवटी दारं उघडून लोकांना दाखवा. कल्पना ऐकायला साधी आहे. गाव मात्र साधं नाही. तेव्हा हे चित्रकार गावाकडून काय घेतात आणि गावाला काय देतात, ते बघायला निघालो.

कोकण रेल्वेनं जाणं हाच त्यातला शहाणपणा. नेत्रावती एक्सप्रेस रत्नागिरी, मडगाव, मंगळूर करत एर्नाकुलमला पोचते. विमान जरूर लवकर पोचवतं, पण या प्रवासाला ही किनारपट्टी डोळ्यांखालून जायला हवी. सोळाव्या शतकात गोव्यातून पोर्तुगीजांच्या धर्मछळाला कंटाळून निघालेली सारस्वत, वाणी, सोनार, कुडुंबी अशी कोकणी बोलणारी माणसं याच किनाऱ्यानं खाली सरकत कोचीला पोचली होती. आपण एसी डब्यात ऑम्लेट खात तेच अंतर कापतो.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला वॉटर मेट्रोनं जावं. हायकोर्टाच्या धक्क्यावरून सुटणारी ही विजेवर चालणारी बोट आवाज करत नाही आणि धूर सोडत नाही. काचेतून एका बाजूला बोळगाट्टी, दुसऱ्या बाजूला बंदराच्या क्रेन. मग चिनी जाळी दिसू लागतात. लाकडाचे प्रचंड हात पाण्यात बुडतात, मागच्या दोरांना बांधलेले दगड तोल सांभाळतात आणि चार-सहा जण मिळून जाळं वर ओढतात. प्रत्येक खेपेला जाळ्यात जे येतं ते बघून या माणसांचं पोट मासळीवर चालतं की फोटोवर, असा प्रश्न पडतो. मोजकीच जाळी उरलीत.

धक्क्यावरून कल्वती रोडनं पूर्वेला निघालं की अ‍ॅस्पिनवॉल हाऊस लागतं. जॉन अ‍ॅस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्यानं १८६७ मध्ये स्थापलेल्या कंपनीचं हे आवार. खोबरेल, मिरे, लाकूड, गवती चहाचं तेल, पुढे काथ्या, कॉफी, चहा, रबर, सगळ्याचा व्यापार इथून चाले. बिनालेचं मुख्य ठाणं अनेक वर्षं हेच होतं. २०१४ मध्ये अनिश कपूरनं इथल्या समुद्राकाठच्या खोलीत जमिनीत एक गरगरणारा काळा भोवरा केला होता. खिडकीबाहेर खरा समुद्र आणि पायाखाली हा. २०१६ मध्ये चिलीचा कवी राऊल झुरिता यानं एक वखार गुडघ्याएवढ्या पाण्यानं भरून लोकांना त्यातून चालायला लावलं. समुद्रात बुडून मेलेल्या निर्वासित मुलांसाठीचं ते काम होतं. मिऱ्यांच्या जहाजांसाठी बांधलेल्या जागेत ते जास्त बोचत असणार.

तिथून थोडं पुढे पेपर हाऊस, म्हणजे मिऱ्यांची वखार.

नाव मोठं, पण वास्तूत मिजास नाही. दोन उतरत्या कौलारू इमारती, एक रस्त्याला तोंड करून, दुसरी पाण्याला. मधे ऐसपैस अंगण. जाड भिंती, सागवानी तुळया, वर उघडं छप्पर. एका बाजूला कॅफे, एका बाजूला कलाविषयक पुस्तकांचं छोटं ग्रंथालय, आणि बाकी जागेत रेसिडेन्सीचे स्टुडिओ. मिऱ्यांचा वास येतो का, हे मीही सगळ्या पर्यटकांसारखं हुंगून पाहिलं. नाही येत. येतो तो कॉफीचा, ओल्या चुन्याचा आणि टर्पेंटाइनचा.

पावसाळा होता. कोचीचा पाऊस आपल्या कोकणासारखाच, फक्त दमट जास्त. कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. एका स्टुडिओत जलरंगातली चित्रं दोरीवर वाळत घातली होती आणि खाली टेबलफॅन लावला होता. एका ओडिया चित्रकारानं बुरशी पुसायचं सोडून दिलं होतं. ती जशी पसरेल तशी तिच्या कडेनं तो शाईची बारीक रेघ ओढत चालला होता. मला त्याचं काम आवडलं, पण ते कोचीबद्दल होतं असं म्हणवत नाही. ते पावसाबद्दल होतं.

शेजारच्या स्टुडिओतली मुलगी बडोद्याची. घरात मराठी, शिक्षण तिथल्याच कलामहाविद्यालयात. मराठी ऐकल्यावर लगेच "काका, आत या, चप्पल राहू द्या, जमीन तशीही घाण आहे" म्हणाली. आत पाहिलं तर सगळीकडे गोणपाट. बाजार रोडवरच्या दुकानांतून जमवलेल्या रिकाम्या गोणी, त्यांवर छापलेली व्यापाऱ्यांची चिन्हं आणि आद्याक्षरं, कुठे हत्ती, कुठे नांगर, कुठे नुसता चौकटीतला आकडा. छापायचे टिनचे जुने कातरपत्रेही तिनं मिळवले होते. गोण्यांत भुसा भरून, एकावर एक रचून तिनं छताला भिडणारा खांब केला होता. देवळाच्या खांबासारखा, सरळसोट. दिसायला भारी होता.

"पण इक्का म्हणतात हे चूक आहे," ती म्हणाली.

इक्का म्हणजे मोठा भाऊ. इथले लोक मुसलमान वडीलधाऱ्या माणसाला तशी हाक मारतात. हे इक्का बाजार रोडचे हमाल. पूर्वी काही वर्षं मुंबईत मस्जिद बंदरला काम केलेले, त्यामुळे हिंदी बोलणारे. दुपारी ते आलेच. खांद्यावर पंचा, कमरेला लुंगी, लुंगीत खोचलेला लोखंडी आकडा. खांबाभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "मोळे," म्हणजे मुली, "मी सांगितलं ना. अशी थप्पी कोणी लावत नाही. खालची एक सरकली की वरच्या सगळ्या माणसाच्या अंगावर. एक थर आडवा, एक उभा, असं चढवत जायचं."

"पण मला उंची दाखवायची आहे."

"उंची त्यातूनही येते. जास्त येते."

पुढचा अर्धा तास मी बघत राहिलो. इक्कांनी दोन पोरांना बोलावलं, खांब उतरवला आणि नव्यानं थप्पी लावली. आकडा गोणीच्या कानात कसा घालायचा, गोणी पाठीवर घेताना श्वास कधी सोडायचा, शेवटच्या धक्क्यानं ती जागेवर कशी बसवायची, हे सगळं न बोलता दिसत होतं. भुशाची गोणी हलकी. पण शरीराला मिऱ्यांचं वजन पाठ असल्यामुळे ते तिलाही तेवढ्याच जोरानं झेलत होते आणि ती दर वेळी जास्त वर उडत होती. पोरं हसत होती, इक्का वैतागत होते. मुलगी मोबाइलवर हे सगळं चित्रित करत होती. मला वाटतं, तिचं खरं काम त्या चित्रणात आहे, खांबात नव्हे. तिला तसं बोललोही. तिनं मान डोलावली, पण ती गोणपाट सोडायला तयार नव्हती.

केरळातल्या हमालांच्या संघटना ताकदीच्या. माल दुसऱ्यानं उतरवला तरी नुसतं उभं राहून बघण्याची मजुरी मागायची, तिला 'नोक्कुकूली' म्हणतात, अशी रीतच होती. २०१८ मध्ये सरकारनं ती बंद केली. इक्कांना गमतीत विचारलं की याची मजुरी काय घेणार. ते म्हणाले, "मजुरी नको. तिथं कागद लावतात ना, कोणी केलं ते लिहून, त्यावर काय लिहिणार ते विचार तिला."

मी विचारलं नाही. पण हा प्रश्न पुढे सगळा प्रवासभर डोक्यात राहिला, कारण कोचीत तो साडेतीनशे वर्षांपूर्वीच एकदा विचारला गेला होता आणि त्याचं चोख उत्तरही दिलं गेलं होतं.

हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड हा १६७० ते १६७७ या काळात डचांचा मलबारचा प्रमुख होता. सैनिक माणूस, वनस्पतिशास्त्र शिकलेला नव्हता. पण इथल्या झाडापाल्याचं त्याला वेड लागलं आणि त्यानं मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला. 'हॉर्टस मलबारिकस'. लॅटिनमध्ये, १२ खंड, १६७८ ते १६९३ दरम्यान ॲम्स्टरडॅमला छापलेले, सातशेवर वनस्पतींची वर्णनं आणि पानपान भरणारी ताम्रपट चित्रं. झाडं ओळखणारी, त्यांचे गुण सांगणारी माणसं अर्थातच इथली होती. त्यांत मुख्य इट्टी अच्युतन, एळवा समाजातले परंपरागत वैद्य. आणि त्यांच्यासोबत तीन कोकणी ब्राह्मण वैद्य: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. गोव्यातून आलेल्या त्याच लोकांचे वंशज.

आता गंमत पाहा. पहिल्या खंडाच्या आरंभी या माणसांची प्रमाणपत्रं छापली आहेत. इट्टी अच्युतनांचं त्यांच्या लिपीत, आणि तीन वैद्यांचं कोकणीत, चक्क नागरी लिपीत, १६७५ ची तारीख घालून. ही माहिती आम्ही दिली, असं ते स्वतःच्या अक्षरांत सांगतात. वनस्पतींच्या चित्रांवरही इथली नावं स्थानिक लिप्यांत कोरली आहेत. त्या काळी ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे कुठले असणार? अक्षरं तांब्याच्या पत्र्यावर चित्रासारखी कोरून छापली. कोरणाऱ्याला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नसणार, पण त्यानं ती कोरली. देवनागरी छपाईच्या इतिहासात हे पान फार मागचं आहे आणि ते मुंबईत नाही, पुण्यात नाही, तर डच वखारीच्या कृपेनं हॉलंडमध्ये निघालं. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षं घालून या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. केरळ विद्यापीठानं ते २००३ मध्ये प्रसिद्ध केलं.

व्हॅन ऱ्हीड साधुसंत नव्हता. व्यापारी कंपनीचा अधिकारी होता, आणि आपल्या सैनिकांना औषध इथंच मिळालं तर कंपनीचे पैसे वाचतील हा हिशेबही त्याच्या मनात होता. पण बाहेरून येऊन गावाच्या ज्ञानावर काम करायचं तर ते ज्ञान कोणाचं हे पहिल्या पानावर लिहायचं, एवढा दंडक त्यानं पाळला. आजच्या रेसिडेन्सीला मी हीच फुटपट्टी लावतो.

हॉर्टसच्या वैद्यांची वस्ती शोधत मट्टनचेरीला गेलो. चेर्लाईचं तिरुमला देवस्वम हे इथल्या सारस्वतांचं मोठं देवस्थान, व्यंकटेशाचं. देवळाभोवतीच्या गल्ल्यांत ओटीवर पापड वाळत होते, पाऊस थांबल्याची संधी साधून. एका आजींना वाट विचारली. हिंदी त्यांना कळेना, मल्याळम मला येईना. मग मी मालवणीत बोललो. त्यांनी चष्मा वर केला.

"खंयचे तुम्मी?"

"मूळचे वेंगुर्ल्याकडचे."

"म्हणजे आमचेच," असं काहीसं म्हणून त्यांनी आत हाक मारली. पुढचं निम्मंच कळलं, कारण त्यांच्या कोकणीत मल्याळम मुरलेलं आहे. चहा आला. कोकणीला मान मिळावा म्हणून झटणारी कोकणी भाषा प्रचार सभा १९६६ पासून कोचीतच आहे, हे त्यांच्या नातवानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. चित्रकार इथं येतात का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "येतात. घराचे फोटो काढतात. आजीचे पण काढतात." मग जरा थांबून, "फोटो परत कोणी पाठवत नाही."

मट्टनचेरीची ही मौज आणि हीच अडचण. दोन-तीन मैलांच्या पट्ट्यात कोकणी, गुजराती, कच्छी मेमन, दख्खनी मुसलमान, तमीळ, जैन, सगळे आपापली भाषा, देऊळ, मशीद, खाणं घेऊन नांदताहेत. १५६८ सालचं परदेशी सिनेगॉग आहे, त्यात चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. प्रार्थनेला जमणारे ज्यू मात्र जवळपास सगळे इस्राएलला गेले. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास राजाला बांधून दिलेला राजवाडा आहे, त्याला डच पॅलेस म्हणतात, आत रामायणाची अप्रतिम भित्तिचित्रं आहेत, तो सगळे बघतात, मी फार लिहीत नाही. कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाला इथं वळावं तिकडे 'विषय' मिळतो. विषय फार सहज मिळाला की काम उथळ होतं, असा माझा अनुभव आहे. रेसिडेन्सीतली निम्मी कामं जुने दरवाजे, सोललेला रंग आणि म्हाताऱ्या चेहऱ्यांच्या पुढे जात नाहीत.

याला अपवाद घडले ते गावाच्या गरजेशी किंवा दुखण्याशी कोणी जोडून घेतलं तेव्हा. पहिल्या बिनालेत विवान सुंदरम यांनी पट्टणमच्या उत्खननातली टाकून दिलेली खापरं घेतली. मुझिरिस हेच असावं असं ज्या गावाबद्दल मानतात ते पट्टणम. या खापरांचं त्यांनी जमिनीवर एक अख्खं शहर मांडलं, त्यात मिरे पेरले आणि पाणी सोडलं. कामाचं नाव 'ब्लॅक गोल्ड'. त्याच बिनालेत के. पी. रेजी यांनी 'तूंबिंकल चात्तन' हे भव्य चित्र मांडलं. शेताचा बांध फुटला तेव्हा स्वतःचं शरीर आडवं घालून तो बुजवणाऱ्या दलित मजुराची दंतकथा या चित्रामागे आहे. या भागातली शेती कोणाच्या अंगावर उभी आहे, ते त्यात दिसतं.

२०१८ चं उदाहरण तर मला सगळ्यात जवळचं वाटतं. त्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. डिसेंबरात बिनाले. बांगलादेशची मार्झिया फरहाना इथं आली आणि पूरग्रस्त घरांतून निकामी झालेल्या वस्तू गोळा करत फिरली. फ्रिज, टीव्ही, खुर्च्या, पुस्तकं. त्या सगळ्या तिनं खोलीच्या छताला टांगल्या. ज्या घरातल्या वस्तू, त्या घरातली माणसं प्रदर्शनाला आली असतील तर त्यांनी आपला फ्रिज नक्की ओळखला असेल. त्याच वर्षी 'एडिबल अर्काइव्ह्ज' नावाच्या उपक्रमात देशी तांदळाच्या विस्मरणात चाललेल्या जाती रांधून लोकांना वाढल्या. तो चमू पुढे गोव्यात गेला आणि हणजूणला त्यांनी त्याच नावाचं खाणावळवजा रेस्तराँ काढलं. कोची आणि गोवा यांच्यातली ये-जा अशी चालूच असते. निखिल चोप्रा गोव्याचा. त्यानं २०१४ मध्ये अ‍ॅस्पिनवॉलमधल्या कोठडीवजा खोलीत अनेक तास मुक्काम ठोकून भिंतींवर समुद्र रेखाटला होता. त्याच वर्षी त्यानं साथीदारांसह गोव्यात एचएच आर्ट स्पेसेस ही कलावंतांनी चालवलेली रेसिडेन्सी सुरू केली. डिसेंबर २०२५ मध्ये उघडलेलं सहावं बिनाले मांडायचं काम याच मंडळींकडे आलं.

चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. बिनालेनं गावाला नाव दिलं तसे भावही वाढवले. ज्या घरांत पूर्वी भाडेकरू राहत तिथं होमस्टे निघाले, किराणा दुकानांच्या जागी कॅफे आले. रिक्षावाले खूश आहेत. भाड्यानं राहणारे नाहीत. संस्थेचं घोडंही वेळोवेळी पैशांशी अडतं. २०२२ चं बिनाले उद्घाटनाच्या तोंडावर पुढे ढकलावं लागलं, १२ डिसेंबरचं २३ डिसेंबरला गेलं, आणि कलावंतांनीच जाहीर पत्र लिहून नाराजी नोंदवली. हौसेनं चाललेल्या गोष्टी व्यवस्थेच्या होताना असं होतं म्हणून सोडून देता येईल. पण ज्यांच्या हातांनी भिंती उभ्या राहतात त्या मजुरांचा हिशेब वेळेवर झाला पाहिजे, याला हौसेचं कारण चालत नाही.

परतीच्या आधी वेळी या भागातल्या धोबीखान्यात गेलो. बडोद्याच्या मुलीनंच सुचवलं होतं. डचांनी सैनिकांचे कपडे धुवायला तमीळ प्रदेशातून वण्णान समाजाची माणसं आणून वसवली, असं सांगतात. आजचं आवार १९७० च्या दशकातलं. ओळीनं सिमेंटच्या मोऱ्या, प्रत्येक कुटुंबाची ठरलेली. धुऊन झालं की तांदळाच्या पेजेची खळ, मग मागच्या पटांगणात वाळवण. चिमटा एकही नाही. दोन दोऱ्या एकमेकींना पीळ देऊन ताणलेल्या. त्या पिळात कपड्याचं टोक खुपसायचं. वारा कितीही सुटो, साडी हलत नाही. कोळशाच्या जड इस्त्रीनं एक आजोबा चादर करत होते. इस्त्री दोन्ही हातांनी, संबंध अंग झुकवून. शेजारी भिंतीवर कोणा पाहुण्या चित्रकारानं काढलेलं त्यांचंच मोठं चित्र होतं. आजोबांना विचारलं, आवडलं का? खुणेनंच त्यांनी चित्रातल्या हाताकडे बोट दाखवलं आणि स्वतःचा हात पुढे केला. चित्रकारानं इस्त्री डाव्या हातात दिली होती, आजोबा उजवे.

पेपर हाऊसला निरोप घ्यायला गेलो तेव्हा खुल्या स्टुडिओची तयारी चालली होती. गोण्यांची थप्पी आडवी-उभी लावलेली होती आणि खरंच आधीच्या खांबापेक्षा उंच वाटत होती. भिंतीवर प्रोजेक्टरवरून इक्का हलक्या गोण्या उडवत होते. चिकटवायची पाटी टेबलावर पडली होती. तीन भाषांतली. मुलीच्या नावाखाली इक्कांचं आणि दोन्ही पोरांचं नाव होतं, मल्याळममध्ये. "स्पेलिंग त्यांच्याकडूनच तपासून घेतलंय, काका," ती म्हणाली. मल्याळमला स्पेलिंग नसतं, हे मी बोललो नाही.

कोणाला जायचं असेल तर: बिनाले असलं की ते डिसेंबरात सुरू होतं आणि पुढे मार्चपर्यंत चालतं, त्या दिवसांत खोल्या महाग आणि गर्दी फार. रेसिडेन्सीतलं काम बघायचं तर मधल्या वर्षांत जावं आणि खुल्या स्टुडिओची तारीख फाउंडेशनकडे आधी विचारावी. मट्टनचेरीत उरू आर्ट हार्बर ही रियास कोमूनं उभी केलेली जागाही आवर्जून बघावी. मट्टनचेरीच्या जमातींवर तिथं चांगलं काम झालंय. तरुण चित्रकारांना सांगायचं तर अर्जासोबत कामाचे नमुने आणि काय करणार याचा आराखडा लागतो. आराखड्यात 'हेरिटेज' हा शब्द जितका कमी येईल तितकं बरं. धोबीखाना सकाळीच गाठावा, दुपारी मोऱ्या रिकाम्या असतात. आणि चेर्लाईत फोटो काढलात तर पत्ता लिहून घ्या, प्रत पाठवा.